साताऱ्याची एक चूल : कर्मवीर भाऊराव पाटील

चोपडे (पेडणे) : शापोरा नदीकाठच्या चोपड्याहून सातारा गाठायला आज एक दिवस पुरतो. भाऊराव पाटील हयात होते तेव्हा मात्र मध्ये दुसऱ्या राज्यकर्त्यांची सरहद्द होती. ९ मे १९५९ रोजी ते गेले, त्या दिवशी पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यातच होता. गोवा मुक्त व्हायला अजून अडीच वर्षांहून अधिक काळ जायचा होता. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात आपल्याकडे गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि शिकवायला तळकोकणातून, घाटावरून मास्तर आले. खेड्यातल्या गरिबाच्या पोराने शिकावे, मास्तर होऊन पुन्हा खेड्यात जावे, ही वाट घाटावर त्याच्या कितीतरी आधी पाडली गेली होती. ती पाडणाऱ्यांत भाऊरावांचे नाव पहिल्या रांगेत येते. पेडण्या-डिचोलीत भाऊ म्हटले की बांदोडकर आठवतात, तसे साताऱ्याकडे अण्णा म्हटले की भाऊराव.

त्यांचा जन्मही सीमेलगतच्याच मुलखातला. २२ सप्टेंबर १८८७, गाव कुंभोज, तालुका हातकणंगले. बाहुबलीचा डोंगर इथून जवळ आणि कर्नाटकाची हद्दही फार लांब नाही. घराण्याचे मूळ दक्षिण कर्नाटकातल्या मूडबिद्रीचे, घर दिगंबर जैन, गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगौंडा सरकारी नोकरीत होते, त्यामुळे बदली होईल तिथे बिऱ्हाड. पोरगा अंगाने दांडगा, कुस्तीची आवड असलेला आणि अभ्यासात यथातथाच. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून त्याने लहानपणी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी हकीकत साताऱ्या-सांगलीकडे अजून सांगतात.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. तेव्हाचे कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचे शहर. शाहू महाराजांनी मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे काढायला मदत केली होती. ज्या समाजाचे पोर कधी शहरात शिकायला आलेच नव्हते, त्याला निदान डोके टेकायला जागा झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर जैन बोर्डिंगात त्यांना सांगण्यात आले, की आधी आंघोळ करा आणि मगच जेवायला बसा. त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंगातून नाव कमी झाले. बोर्डिंगाची व्यवस्था पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः सुधारक आणि शिकलेले गृहस्थ. पुढे बेळगावात वकिली करून ते १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. पण नियम तो नियम. बाहेर पडलेल्या या पोराला शाहू महाराजांनी आपल्याकडे ठेवून घेतले.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. इस्लामपूरच्या शाळेत एक मुलगा वर्गाबाहेर बसून शिकताना भाऊरावांना दिसला. ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप त्याचे नाव. अस्पृश्य म्हणून त्याला आत जागा नव्हती. भाऊरावांनी त्याला घरी नेले, जेवू घातले आणि कोल्हापूरला मिस क्लार्क बोर्डिंगात दाखल केले. हाच मुलगा पुढे डॉ. आंबेडकरांच्या मूकनायक पत्राचा संपादक झाला, मुंबईच्या विधिमंडळात सभासद म्हणून बसला. भाऊरावांनी काढलेली पहिली शाळा कोणती असा प्रश्न निघाला की कागदोपत्री उत्तर वेगळे येते. खरे तर त्यांचे काम या एका पोरापासूनच सुरू झाले म्हणायला हरकत नाही.

स्वतः भाऊरावांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. ज्या माणसाच्या नावाने पुढे विद्यापीठ झाले, त्याच्याकडे शाळेचा शेवटचा दाखलाही नव्हता. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या. १९१० च्या सुमारास दुधगावात काही मित्रांना घेऊन सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक आश्रम काढून पाहिला. मग आला १९१४ सालचा डांबर प्रकरणाचा फेरा. कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर नेण्याचा घाट घातला गेला आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. हेच ते लठ्ठे, ज्यांच्या देखरेखीखालच्या बोर्डिंगातून भाऊराव बाहेर पडले होते. जुना हिशेब चुकता करायची याहून सोपी संधी मिळाली नसती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. कोठडीत छळ सोसला, इतका की जीव द्यायचाही प्रयत्न केला. शेवटी सुटले. साक्षीसाठी छळणारी यंत्रणा कोल्हापूर संस्थानचीच होती, आणि तरीही दहा-बारा वर्षांनी आपल्या बोर्डिंगाला त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले. दरबारातल्या माणसांचा राग त्यांनी महाराजांच्या कामावर काढला नाही.

पोटासाठी मग फिरतीची नोकरी. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. लोखंडी नांगर तेव्हा शेतकऱ्याला नको असायचा, जमीन नासते अशी समजूत होती. गावोगाव जाऊन, पारावर बसून, शेतात उतरून समजूत घालावी लागे. या फिरतीने भाऊरावांना सातारा जिल्हा पाठ झाला. कुठल्या गावात कोण देणारा आहे, कुठे पोरे गुरांमागे आहेत, कुठला पाटील ऐकतो आणि कुठला अडवतो, हे सगळे डोक्यात बसले. पुढे कूपर यांच्या कारखान्यातही त्यांनी काम केले, तिथेही बिनसले आणि नोकरीचा नाद कायमचा सुटला. पण संस्था उभारायला निघालेल्या माणसाला नांगर विकण्याइतकी चांगली तालीम दुसरी मिळाली नसती. जे लोकांना नको आहे ते त्यांच्याच भल्याचे आहे, हे पटवणे शाळेच्या बाबतीतही तेवढेच अवघड होते.

कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक समाजाची बैठक भरली, तिथे शिक्षणाचा विषय निघाला, आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. बोधचिन्ह वडाचे झाड. रयत या शब्दात सगळे आले : कुळवाडी, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन, लिंगायत, आणि गरीब असेल तर ब्राह्मणाचे पोरही.

कोल्हापुरात प्रत्येक समाजाची चूल वेगळी होती. साताऱ्यात भाऊरावांनी एकच चूल मांडली. सगळी पोरे एका पंगतीला बसणार. दळण, सरपण, पाणी, भाकऱ्या ही कामे पाळीने सगळ्यांना, त्यात जात बघायची नाही. आज हे वाचताना साधे वाटते. १९२४ च्या साताऱ्यात ते साधे नव्हते. पोराच्या बापाला गावात तोंड दाखवायचे असे, आणि आपले पोर कुणाच्या हातचे जेवते हे गावाला कळल्याशिवाय राहत नसे. कित्येक बापांनी पोरे परत नेली असती तर बोर्डिंग तिथेच संपले असते. ते संपले नाही, कारण घरी ठेवून पोराला खायला घालायचीही ज्यांची ऐपत नव्हती, असे बाप जास्त होते. गरिबीने जातीचा हट्ट थोडा सैल केला आणि भाऊरावांनी त्या फटीतून काम केले.

चूल एक होती, पण ती पेटती ठेवायची कुणी? इथे लक्ष्मीबाई येतात. कुंभोजच्या पाटील घरातली लेक, दागिन्यांनी मढून सासरी आलेली, सोवळे-ओवळे कडक पाळणारी. नवऱ्याने घरात आणलेल्या पोरांकडे बघून सुरुवातीला त्यांना त्रासच झाला. पुढे त्याच बाई सगळ्या जातींच्या पोरांना हाताने वाढू लागल्या, आजारी पोराच्या उशाशी बसू लागल्या. पैसा संपला की दागिना मोडायचा, असे करत करत अंगावरचे सगळे गेले. एकदा भाऊराव गावी नव्हते, बोर्डिंगात धान्याचा दाणा नव्हता आणि दुकानदार उधार द्यायला तयार नव्हता. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र दिले. नवरा जिवंत असताना त्या काळच्या बाईने मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे सीमेच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या कुठल्याही मराठी घराला समजावून सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचे हायस्कूल, कॉलेज यांतले काहीच त्यांना बघायला मिळाले नाही. भाऊरावांच्या चरित्रांत त्यांना रयतमाउली म्हणून एखादे प्रकरण मिळते. संस्थेची पहिली काही वर्षे ज्या पैशावर चालली त्यातला मोठा वाटा त्यांच्या अंगावरच्या सोन्याचा होता, हे लक्षात घेतले तर ते प्रकरण थोडेच पडते.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. एका चुलीवर जेवणारी पोरे गांधीजींनी डोळ्यांनी पाहिली. पुढे हरिजन सेवक संघाकडून वर्षाला ५०० रुपयांची मदत सुरू झाली. १९३२ मध्ये पुणे करार झाला, तेव्हा त्या कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले, तेही सगळ्या जातींचे.

या कामाची तुलना करायची तर समुद्रापलीकडे जावे लागते. वीणा गवाणकरांच्या एक होता कार्व्हर या १९८१ च्या पुस्तकामुळे अमेरिकेतले टस्कीगी मराठी घराघरांत माहीत झाले. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी अलाबामा राज्यात ४ जुलै १८८१ रोजी ती शाळा सुरू केली. काळ्या मुलांनी तिथे स्वतः विटा पाडल्या, भाजल्या आणि वर्ग बांधले. शेती करून फी भागवली. १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शिकवायला आले ते १९४३ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. आज टस्कीगी विद्यापीठ आहे. अंगमेहनतीला शिक्षणाचा भाग करायचा आणि फीऐवजी घाम घ्यायचा, ही भाऊरावांची रीत त्याच जातीची.

फरक मात्र दोन आहेत, आणि ते लहान नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत कायद्यानेच काळ्यांना गोऱ्यांच्या शाळेत मज्जाव होता, त्यामुळे टस्कीगी, फिस्क, हॉवर्ड या संस्था काळ्यांसाठी वेगळ्या काढाव्या लागल्या. तिथे कायदा होता तसा इथे रिवाज होता. भाऊरावांनी वेगळी शाळा न काढता रिवाजालाच पंगतीत बसवले. दुसरे असे, की वॉशिंग्टन यांच्यावर त्यांच्याच समाजातल्या डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी कडक टीका केली होती. पोरांना हातकाम शिकवून गोऱ्यांच्या कारखान्यांसाठी मजूर तयार करता, उच्च शिक्षण आणि मताचा हक्क मागत नाही, असा त्यांचा रोख होता. साताऱ्यात कमवा आणि शिका म्हणजे सुतारकी किंवा शेतकी शिकून तिथेच थांबायचे असे कधीच नव्हते. दगड फोडणारे पोर मॅट्रिक व्हायचे, बी. ए. व्हायचे, जमल्यास विलायतेलाही जायचे. मेहनत ही वाट होती, मुक्काम नव्हता.

पोरे शिकतील, पण खेड्यात शिकवायला जाणार कोण? शहरातला शिकलेला मास्तर खेड्यात टिकत नाही, हे दुखणे तेव्हाही होते. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले, पुढे त्याला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. बोर्डिंगातले पोर इथे मास्तर होऊन बाहेर पडे आणि पुन्हा खेड्यात जाई. मुलींसाठी जिजामातेच्या नावाचे अध्यापिका विद्यालय झाले, पण मुलींची पाळी आली ती मुलांच्या मागून, हेही नोंदवले पाहिजे. १९३७ नंतर मुंबई प्रांतात व्हॉलंटरी शाळांची योजना आली तेव्हा मास्तर तयारच होते. देवळात, चावडीत, गोठ्याच्या ओसरीवर शाळा भरू लागल्या. एकट्या रयतच्या व्हॉलंटरी शाळांची संख्या पाचशेच्या वर गेली. त्या काळच्या पेडण्यात देवळाच्या मंडपात मराठी मुळाक्षरे गिरवली जायची. पोर्तुगीज सरकारला त्याचे सोयरसुतक नव्हते. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना मुळाक्षरांना आसरा मिळाला तो असा देवळातच.

१९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, राहणे-जेवण-शिक्षण सगळे स्वतःच्या मेहनतीवर. १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. देणगीच्या बदल्यात कॉलेजला आपले नाव द्यावे, असा एक प्रस्ताव आला. पैशाची तर रोज ओढ होती. एक वेळ मी माझ्या बापाचे नाव बदलेन पण शिवाजी महाराजांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन भाऊरावांनी देणगीदाराला वाटेला लावले.

आणि मग १९४८ उजाडले. गांधीजींची हत्या झाली, वातावरण तापलेले होते. भाऊराव काँग्रेसच्या कारभारावर जाहीर सभांत तिखट बोलत. त्यांच्या एका भाषणाचा अर्थ गांधीजींचा अपमान असा लावला गेला आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. ज्यांच्या हातून बोर्डिंगाचे नामकरण झाले त्यांचाच अपमान केल्याचा ठपका भाऊरावांवर आला. शेकडो शिक्षकांचे पगार थांबले. संस्था इतकी पसरली होती की मूठमूठ धान्यावर आता भागणार नव्हते. भाऊराव स्वभावाने तापट, माघार घेणे अंगात नाही, आणि या वेळी तापटपणाची किंमत त्यांना एकट्याला नव्हे तर खेड्यातल्या मास्तरांना मोजावी लागत होती. ते गावोगाव फिरले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले, शिक्षकांनी पगाराविना शाळा चालू ठेवल्या. शेवटी गाडगे महाराज मध्ये पडले. खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या या माणसाचा शब्द मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांना मोडता आला नाही. अनुदान पुन्हा सुरू झाले. गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढायचा संकल्प भाऊरावांनी केला तो याच काळात. कराडला १९५४ मध्ये कॉलेज निघाले, त्याला नाव दिले सद्गुरू गाडगे महाराजांचे.

पांढरी दाढी, खादी, खांद्यावर घोंगडे, हातात काठी, आवाज असा की लाऊडस्पीकर नको. साताऱ्याच्या जुन्या माणसांना आठवायचे ते हे रूप. शेवटच्या वर्षी मानसन्मान एकदम आले. १९५९ च्या जानेवारीत पद्मभूषण आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाची डी. लिट्. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाने डॉक्टर म्हटले तेव्हा तो आजारी होता. पुण्याच्या ससून रुग्णालयात ९ मे रोजी त्यांचे निधन झाले, समाधी साताऱ्यात आहे. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभरावर हायस्कुले आणि तीन महाविद्यालये होती. पुढे संस्था कर्नाटकातही गेली.

माणसे किती घडली याची मोजदाद होणार नाही, दोघांची नावे मात्र घ्यायलाच हवीत. पी. जी. पाटील गरीब घरातून बोर्डिंगात आले. भाऊरावांनी त्यांना लंडनला पाठवले, ते बॅरिस्टर होऊन परत आले ते वकिलीला नव्हे, संस्थेत शिकवायला. १९७५ मध्ये ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरे एन. डी. पाटील. वाळवा तालुक्यातल्या ढवळीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होता आणि पुढे अनेक वर्षे संस्थेचा कार्याध्यक्ष. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसाला ते वेगळ्याच नात्याने माहीत. सीमाप्रश्नाच्या लढ्यात म्हातारपणीही रस्त्यावर उतरणारे एन. डी. ते हेच. १७ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्याच सुमारास महाराष्ट्र सरकारने साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन केले. रयतच्या साताऱ्यातल्या तीन महाविद्यालयांचे मिळून ते झाले आहे, आणि त्या तिघांत १९४७ चे छत्रपती शिवाजी कॉलेज आहे, नाव न बदललेले.